बैठकीवांचून मंडळ

शाळामास्तराला जन्मभराच्या दोन संवयी जडतात. एक हजेरी घेण्याची आणि दुसरी वही ठेवण्याची. नोकरी संपली, हजेरी घ्यावयास वर्ग उरला नाहीं, तेव्हां मीं त्या दोन्ही संवयी आमच्या गांवच्या बागप्रेमी मंडळाच्या कामीं लावल्या. एकत्र जमणें अशक्य झालें असतां हें लहानसें मंडळ कसें टिकलें, आणि टिकतां टिकतां माझ्या हातून कोणती चूक झाली, एवढीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

आमचें गांव वाई. कृष्णेच्या कांठीं, पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशीं वसलेलें. मंडळाचे सभासद माझ्याशिवाय सत्तावीस. त्यांत पेन्शनर आहेत, शिवणकाम करून घर चालविणाऱ्या एक बाई आहेत, औषधांचें दुकान चालविणारे एक गृहस्थ आहेत, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या बागा राखून म्हातारपणीं स्वतःच्या दारापुढच्या चार हात जागेंत फुलझाडें लावणारे एक माळीबुवाही आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं कोणाच्या तरी अंगणांत आम्ही जमत असूं. नियम एकच, रिकाम्या हातानें यावयाचें नाहीं. कोणी शेवंतीचे फुटवे आणी, कोणी निशिगंधाचे कंद, कोणी सोनटक्क्याचा गड्डा, कोणी घरच्या वांग्याचें बीं. कोणीं कोणास काय दिलें तें मी तारखेसह वहींत लिहून ठेवीं. या वहीची पुष्कळ थट्टा होई. "गुरुजींनीं झाडांचेंसुद्धां प्रगतिपुस्तक ठेवलें आहे," असें लोक म्हणत. मीही हंसत असें. तिचा उपयोग पुढें कसा होणार आहे, हें मलाही ठाऊक नव्हतें.

सन २०२० सालीं मार्चच्या २२ तारखेस देशभर जनता संचारबंदी पाळली गेली, आणि २५ तारखेपासून सर्व व्यवहार बंद झाले. तो दिवस नेमका गुढीपाडव्याचा होता. करोनाच्या सांथीसाठीं सरकारनें जो कायदा हातीं घेतला तो १८९७ सालचा, म्हणजे मुंबईंत प्लेग आला त्या वेळचा. प्लेगच्या दिवसांतल्या गोष्टी मीं आजोबांच्या तोंडून ऐकल्या होत्या. तेव्हां लोक गांव सोडून रानांत झोपड्या बांधून राहत. पण त्या झोपडींतून शेजारच्या झोपडीला हांक तरी मारतां येई. आमच्या वेळीं सर्व उलटें झालें. माणसें आपापल्या घरींच राहिलीं, आणि दारें मात्र लागलीं. ५ एप्रिलच्या रविवारीं आमची बैठक ठरली होती, ती भरली नाहीं. त्या रात्रीं नऊ वाजतां घरोघर दिवे लागले, तेव्हां मी गच्चीवरून कोणाचें अंगण कोठें हें अंदाजानें ओळखीत उभा होतों.

तरुण सभासदांनीं तोंवर व्हॉट्सॲपवर मंडळाचा गट काढला होता. पहिल्या आठवड्यांत त्यावर मोगऱ्याचीं नि गुलाबांचीं छायाचित्रें आलीं, दुसऱ्या आठवड्यांत काढ्यांच्या कृती आल्या आणि तिसऱ्या आठवड्यांत अफवा आल्या. एखाद्यानें झाडाविषयीं विचारलेला प्रश्न त्या गर्दींत दिसेनासा होई. शिवाय सत्तावीसांपैकीं नऊ जणांपाशीं असा फोनच नव्हता. आणि मंडळांतलें उत्तम बागकाम होतें तें याच नऊ जणांचें.

मग मला वर्गाची हजेरी आठवली. आम्हीं असें ठरविलें कीं, दर रविवारीं सायंकाळीं पांच वाजतां मी एका सभासदास फोन करावा, त्यानें यादींतल्या पुढच्यास करावा, त्यानें त्याच्या पुढच्यास, आणि शेवटच्यानें मला. प्रत्येकानें तीनच प्रश्न विचारावयाचे: प्रकृति कशी आहे, कोणतें झाड अडचणींत आहे, आणि देण्याजोगें काय आहे. सर्वांची एकच सांखळी केली तर दोन तासांवर वेळ जाता, म्हणून तीन सांखळ्या केल्या. दोहोंत नऊ नऊ नांवें बसलीं, तिसरींत आठ. तिसरींत आठच कां, याचा विचार मीं त्या वेळीं केला नाहीं. एखाद्यानें फोन उचलला नाहीं तर त्यास वगळून पुढें जावें आणि मला तत्काळ कळवावें, असाही एक नियम केला. १९ एप्रिल रोजीं पहिली हजेरी झाली.

त्या हजेरींतून जें शिकावयास मिळालें तें बैठकींतही क्वचितच मिळालें असतें. वैशाखाचें ऊन तापूं लागलें होतें, आणि परगांवीं अडकलेल्या कांहीं सभासदांच्या कुंड्या शेजाऱ्यांच्या भरंवशावर होत्या. माळीकामांत मुरलेल्या एका वृद्ध सभासदानें फोनवरून सांगितलें कीं, सर्व कुंड्या एकीला एक लावून भिंतीच्या पूर्वेस ठेवाव्या, म्हणजे दुपारचें ऊन भिंत अडवील. वर जुन्या सुती साडीचा आडोसा करावा. मातीवर वाळक्या पानांचा थर द्यावा. आणि मोठ्या कुंडींत एक लहान मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून पाण्यानें भरून ठेवावें, तें झिरपून ओल टिकते. खत मिळेना, तेव्हां भाजीचीं सालें आणि वाळका पाला यांचे आळीपाळीनें थर देऊन तें घरींच करण्यास लोक शिकले. बीं मिळेना, तेव्हां स्वयंपाकघरांतले धने हलके रगडून पेरले गेले, मेथी पेरली गेली, आणि पिकल्या टोमॅटोचें बीं धुऊन वाळवून ठेवलें गेलें. कोणाकडे जास्त झालें तर त्याची पुडी बांधून ती दूधवाल्याच्या हातीं दिली जाई. घेणारा ती दिवसभर उन्हांत ठेवी. हा रोग मुख्यत्वें हवेंतून, श्वासावाटे पसरतो हें पुढें स्पष्ट झालें. त्या दिवसांत मात्र आम्हांस कागदाच्या पुडीचेंही भय वाटे.

१४ जूनच्या रविवारीं दुसरी सांखळी मध्येंच थांबली. आमच्यांतल्या सर्वांत वडील सभासद, ज्यांना सारें मंडळ आक्का म्हणतें, त्यांनीं फोन उचलला नाहीं. औषधविक्रेत्यांनीं तीनदां फोन करून मला कळविलें. मीं आक्कांच्या शेजाऱ्यांना उठविलें. आक्का एकट्या राहतात. न्हाणीघरांत पाय घसरून त्या पडल्या होत्या आणि मांडीचें हाड मोडलें होतें. रात्रभर तशाच राहत्या तर कठीण होतें, असें डॉक्टर म्हणाले. पुण्यास त्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढें त्या तेथेंच मुलीकडे राहिल्या. तीन प्रश्नांच्या त्या साध्या हजेरीनें एक माणूस वांचविलें, याचें मला फार समाधान वाटलें. आणि खरें सांगावयाचें तर थोडा अभिमानही झाला.

तो अभिमान पुढच्याच महिन्यांत उतरला. निर्बंध कांहींसे सैल झाले होते. औषध आणावयास बाहेर पडलों असतां माळीबुवांच्या गल्लीवरून गेलों. ते दाराशीं बसले होते. मला पाहून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "गुरुजी, मी समजलो मंडळ मोडलं."

श्रोतेहो, त्यांच्यापाशीं फोन नव्हता. साधाही नव्हता. यादी करतांना मनांत क्षणभर आलें होतें कीं, यांना कोणी तरी कळवील. आणि तें कोणी तरी कोण, हें मीं ठरविलें नाहीं. चार महिने तो मनुष्य रविवारची वाट पाहत बसला होता. छत्तीस वर्षें मीं हजेरी घेतली, आणि तरी हें विसरलों कीं, ज्याचें नांवच पटावर नाहीं तो मुलगा गैरहजरही लागत नाहीं. आक्कांची सांखळी तुटली तें आम्हांस कळलें. माळीबुवांची तुटली नाहीं, कारण ती कधीं जोडलीच नव्हती. मीं त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "असूं द्या. मोगरा घेऊन जा." आणि रिकाम्या हातानें न जाण्याचा मंडळाचा नियम त्यांनीं तेथेंच पाळला.

त्या रविवारपासून शिवणकाम करणाऱ्या बाईंनीं पांच वाजतां त्यांच्या फाटकाशीं जाऊन हांक मारावी, तीन प्रश्न विचारावे आणि मला कळवावें, अशी व्यवस्था झाली. तिसऱ्या सांखळींत नववें नांव लागलें.

जुलैअखेर आक्कांच्या शेजाऱ्यांनीं किल्ली लावून मागचें अंगण उघडलें, तों त्यांचा अनंत मेलेला आढळला. उन्हाळ्यांत पाण्यावांचून झाडें मरतात हें सर्वांस ठाऊक आहे. हें झाड पावसाळ्यांत पाण्यानें मेलें. कुंडीचें भोंक बुजलें, पाणी सांचलें आणि मुळें कुजलीं. हा अनंत आक्कांच्या सासूबाईंनीं लावलेला. त्यांना हें कसें कळवावें, असा प्रश्न पडला. तेव्हां मीं ती थट्टेची वही उघडली. आक्कांनीं त्या अनंताचीं कलमें वेळोवेळीं अकरा जणांना दिल्याची नोंद निघाली. रविवारच्या हजेरींत चौथा प्रश्न घातला: आक्कांचा अनंत कोणाकडे जगला आहे? चार ठिकाणीं जगला होता. आणि सर्वांत जोमदार झाड, २००९ सालीं दिलेलें, माळीबुवांच्या दारांत जमिनींत उभें होतें.

माळीबुवांनीं ऑगस्टच्या आरंभीं त्याला गुटी बांधली. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साल अंगठ्याच्या पेराएवढी गोल काढावयाची, त्यावर ओलें शेवाळ लपेटावयाचें, वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधावयाचा, आणि मुळें दिसूं लागेपर्यंत हात लावावयाचा नाहीं. दीड महिन्यानें मुळें दिसलीं. फांदी कापून कुंडींत लावली, कांहीं दिवस सावलींत जपली. दिवाळीच्या सुमारास आक्का काठी टेंकीत घरीं परतल्या, तेव्हां माळीबुवांनीं ती कुंडी त्यांच्या फाटकाशीं नेऊन ठेवली आणि ते दूर उभे राहिले. आक्कांनीं पान चुरगळून पाहिलें, बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग मला म्हणाल्या, "गुरुजी, वहींत लिहा. या खेपेस घेणारी मी." मीं लिहिलें.

फुलझाडांवर जीव असणाऱ्या माणसांना भेटीवांचूनही सोबत करतां येते, याचा याहून मोठा दाखला इतिहासांत आहे. अठराव्या शतकांत अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहराजवळ जॉन बार्ट्रम नांवाचा शेतकरी होता, आणि लंडनमध्यें पीटर कॉलिन्सन नांवाचा कापडाचा व्यापारी होता. १७३० नंतरच्या दशकांत त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो १७६८ सालीं कॉलिन्सन वारला तोंपर्यंत चालला. जहाजांतून बियांच्या पेट्या जात, उलट कंद नि पुस्तकें येत. त्या दोघांची भेट जन्मांत एकदांही झाली नाहीं. याच बार्ट्रमला आणि त्याच्या मुलाला १७६५ सालीं जॉर्जियांत अल्टामाहा नदीच्या कांठीं एक शुभ्र फुलांचें झाड आढळलें. मुलानें पुढें त्याचें बीं आणून घरच्या बागेंत लावलें आणि बेंजामिन फ्रँकलिन याच्या नांवावरून झाडाचें नांव फ्रँकलिनिया ठेवलें. १८०३ नंतर तें झाड रानांत कोणासही आढळलें नाहीं. आज जगांत जेवढीं म्हणून फ्रँकलिनियाचीं झाडें आहेत, तीं सर्व त्या एका बागेंतून वांटल्या गेलेल्या रोपांचा वंश होत. रानांतलें गेलें, वांटलेलें राहिलें.

२०२२ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास राज्यांतले निर्बंध उठले, आणि ३ एप्रिलच्या रविवारीं आम्ही दोन वर्षांनीं एकत्र बसलों, तें आक्कांच्याच अंगणांत. दोन जागा मोकळ्या होत्या. २०२१ च्या उन्हाळ्यांतील दुसऱ्या लाटेनें आमचे दोन सभासद नेले. त्यांच्या नांवापुढें वहींत देण्याच्या नोंदी घेण्याच्या नोंदींहून पुष्कळ अधिक आहेत, आणि त्यांचीं झाडें आज गांवांत कोठें कोठें आहेत तें मी सांगूं शकतों.

आपल्या गांवीं असें एखादें मंडळ असेल, मग तें बागेचें असो, भजनाचें असो वा वाचनाचें, तर त्याच्या चालकांस माझें एवढेंच सांगणें आहे. सभासदांची यादी कागदावर करा, आणि ती करतांना प्रथम ज्याच्यापाशीं फोन नाहीं त्याचें नांव लिहा. त्याला हांक कोण मारणार हें त्याच्या नांवासमोर लिहा. आणि घरांत जें झाड सर्वांत आवडतें असेल, त्याचें कलम या पावसाळ्यांत दुसऱ्याच्या अंगणांत लावून ठेवा.

आमची रविवारची हजेरी अद्यापि चालूं आहे. पांच वाजत आले कीं माळीबुवा फाटकाशीं येऊन उभे राहतात.