आकडा थरथरला पाहिजे
(सफाळे येथील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



डिजिटल ट्विन म्हणजे काय, यात वेळ घालवत नाही. यंत्राला सेन्सर लावायचे, त्यांचे आकडे कॉम्प्युटरमधल्या त्याच्या प्रतिकृतीला सतत पुरवायचे आणि यंत्र कधी बिघडेल ते प्रतिकृतीला विचारायचं. मायकेल ग्रीव्ह्ज यांनी ही कल्पना २००२ साली अमेरिकेत मांडली. आज विमानाची इंजिनं, पवनचक्क्या, रिफायनऱ्या, सगळीकडे ती पोचली आहे. सिंगापूरनं तर अख्ख्या शहराची प्रतिकृती केली. हे तुम्ही पेपरात वाचलेलंच आहे. मला बोलायचंय ते सेन्सरचा प्रोब धुणाऱ्या माणसाबद्दल. (हशा)

प्रोब धुणारे म्हणजे तुमच्याच घरांतली मुलं. आयटीआय करून सकाळच्या गाडीनं बोईसरला, तारापूरच्या कारखान्यांत जातात.

२०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी आणि धूर चोवीस तास मोजणारे मापक बसवायला सांगितलं. आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर. आणि तरीही २०१८ च्या मंडळाच्याच निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत प्रदूषित ठरलं! तिथलं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं ते उगाच नाही.

एका कारखान्यातली गोष्ट सांगतो, नाव घेणार नाही. सांडपाण्याच्या टाकीचा पीएच पडद्यावर ७.२. सकाळी ७.२, रात्रपाळीतही ७.२. प्रतिकृती हिरवीगार. एक कंत्राटी मुलगा मला म्हणाला, "साहेब, रेघ फारच सरळ आहे." बरोबर होतं त्याचं. टाकीत ॲसिडचं पाणी पडलं की आकडा खाली यायला हवा, कॉस्टिक सोडलं की वर. त्यानं प्रोब वर ओढला. काचेच्या बल्बवर गाळाचा थर! पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवून त्यानं तो धुतला, आधी पीएच ७ च्या बफर द्रावणात धरला, मग ४ च्या. मीटर त्या द्रावणांशी जुळवून घेतला आणि प्रोब टाकीत सोडला. आकडा ४ च्याही खाली गेला. मर्यादा आहे ५.५ ते ९.

प्रतिकृतीला टाकी दिसतच नाही, तिला प्रोब सांगेल तेवढंच कळतं. सरळ रेघ पकडणारा नियम सॉफ्टवेअरमध्ये घालता येतो, घालतातही. पण प्रोब कुणी साध्या पाण्याच्या बादलीत टांगला, तर?

(पुढच्या रांगेतून : सगळेच असं करत नाहीत!) मान्य. पण सॉफ्टवेअरवर लाखो रुपये घालता आणि कंत्राटदार बदलला की तो मुलगाही बदलता. टाकीचा स्वभाव ओळखणारा माणूसच गेला, तर ती प्रतिकृती कुणाच्या भरवशावर चालवायची?

अजून बरंच बोलणार होतो. पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मागणी तेवढी मांडतो. सर्व्हरवर जाणाऱ्या प्रत्येक आकड्याशेजारी प्रोब शेवटचा कधी धुतला, बफरशी कुणी जुळवला, ते नावानिशी जावं. गेटवरच्या बोर्डावरही लागावं.

(मागून : म्हणजे गडबड झाली की बळी त्याच पोराचा!) म्हणून तर त्याच्या सहीखाली मॅनेजरची सही हवी, आणि आकडा असेल तसा लिहिला म्हणून त्याला काढता येणार नाही, हे कंत्राटातच लिहून हवं. यासाठी नवं यंत्र लागत नाही, लॉगबुकात दोन रकाने वाढवायचे.

आता प्रश्न. डहाणूची गाडी धरायची असेल त्यांनी आधी विचारा.