गोळी सोसत नाहीं, तेव्हां

पहाटे सिद्धेश्वराच्या तलावाकाठीं फिरावयास येणारी सोलापूरची वयस्क मंडळी पूर्वीं ज्वारीचा भाव आणि लांबलेला पाऊस यांविषयीं बोलत; आतां त्या बोलण्यांत रक्ततपासणीच्या आंकड्यांची भर पडली आहे. या मंडळींपैकीं एका गृहस्थाचें कल्पनाचित्र श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. वय बासष्ट, सारी उमेद चादरीच्या कारखान्यांत हिशेब लिहिण्यांत गेलेली. दोन वर्षांपूर्वीं छातींत कळ आली, हृदयाच्या रक्तवाहिनींत स्टेंट बसला आणि इतर औषधांबरोबर स्टॅटिनची एक गोळी रोज रात्रीं घेण्यास डॉक्टरांनीं सांगितलें. चार महिन्यांनीं मांड्या आणि पोटऱ्या दुखूं लागल्या. जिना चढतांना कठडा धरावा लागला. हिशेबनिसांनीं कोणासही न विचारतां गोळी बंद केली. शेजाऱ्यांनीं गुग्गुळाची डबी आणून दिली, पुण्याच्या मुलानें लाल यीस्ट तांदुळाच्या गोळ्यांची बाटली धाडली, आणि पत्नीनें रोज सकाळीं लसणीच्या दोन पाकळ्या पुढें ठेवण्यास आरंभ केला. हे हिशेबनीस काल्पनिक आहेत. त्यांची अडचण मात्र घरोघरची आहे. ज्याला ही गोळी सोसत नाहीं, त्यानें काय करावें?

कोलेस्टेरॉल हें मुळांत विष नव्हे. पेशींचें आवरण, कांहीं अंतःस्राव आणि पचनास लागणारें पित्त यांच्या घडणींत त्याचा उपयोग होतो. शरीराला लागणारें बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवितें. अन्नांतून येतें तें त्या मानानें थोडें. रक्तांतून तें वाहून नेणारे एल.डी.एल. नांवाचे कण वाजवीपेक्षां अधिक झाले, म्हणजे ते रक्तवाहिनीच्या अस्तरांत शिरून त्यांचा थर सांचतो. आणि एखाद्या दिवशीं तो थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरते. हे कण रक्तांतून उचलून आंत घेणारीं द्वारें यकृताच्या पेशींवर असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांना 1985 मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें.

जपानमधील एका शेतकरी कुटुंबांत जन्मलेले अकिरा एंडो यांनीं सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासून 1973 मध्यें एका बुरशींतून पहिलें स्टॅटिन वेगळें काढलें. यकृताचा कोलेस्टेरॉल बनविण्याचा मार्ग हें औषध अडवितें. मग यकृत आपली गरज भागविण्यासाठीं तीं द्वारें वाढवितें आणि रक्तांतील एल.डी.एल. अधिक ओढून घेतें. एकदां झटका येऊन गेलेल्या माणसाला दुसरा झटका टाळण्यास साह्य करणाऱ्या औषधांत स्टॅटिनचें स्थान अग्रभागीं आहे. म्हणूनच तें मुकाट्यानें सोडून देणें धोक्याचें ठरतें.

तेव्हां पहिला प्रश्न असा, कीं दुखणें खरोखर गोळीचें आहे काय? लंडनमध्यें याची एक मार्मिक परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष 2020 मध्यें प्रसिद्ध झाले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ माणसांना वर्षभरासाठीं बारा बाटल्या देण्यात आल्या. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या, आणि चार रिकाम्या. रोजच्या त्रासाला शून्य ते शंभर गुण द्यावयाचे होते. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी आठ गुण पडले. निरुपद्रवी गोळीच्या महिन्यांत सुमारें पंधरा आणि स्टॅटिनच्या महिन्यांत सुमारें सोळा. दुखणें खोटें नव्हतें. परंतु त्याचा फार मोठा भाग गोळी घेतल्याच्या धास्तीनें निर्माण झाला होता. हें कळल्यावर त्यांतील निम्म्या माणसांनीं स्टॅटिन पुन्हां सुरू केलें.

याचा अर्थ सर्वांचेंच दुखणें मनाचें, असा कोणीं करूं नये. कांहीं थोड्या माणसांच्या स्नायूंना या औषधानें खरोखर इजा होते. स्नायूंत तीव्र वेदना व अशक्तपणा येऊन लघवीचा रंग चहासारखा गडद झाला, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठला पाहिजे. इतरांच्या बाबतींत थायरॉइडची मंदी, ड जीवनसत्त्वाची उणीव किंवा सोबतचें एखादें औषध हेंही कारण असूं शकतें. तें दूर केल्यावर, स्टॅटिनचा प्रकार बदलून, मात्रा उतरवून किंवा दिवसाआड गोळी देऊन पुष्कळांचें काम भागतें. अर्थात् हे फेरबदल डॉक्टरांनीं करावयाचे असतात.

आतां हिशेबनिसांच्या घरीं जमलेल्या डब्याबाटल्या पाहूं. गुग्गुळाचा इतिहास आपल्या देशाला अभिमान वाटावा असा आहे. सुश्रुतसंहितेंतील मेदोरोगाचें वर्णन आधाराला घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनीं बनारस हिंदु विश्वविद्यालयांत गुग्गुळावर प्रयोग केले आणि 1966 मध्यें आपला प्रबंध सादर केला. पुढें त्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनें 1980 नंतरच्या दशकांत गुग्गुळाच्या अर्काचें औषधही सिद्ध केलें. तथापि 2003 मध्यें अमेरिकेंत 103 माणसांवर आठ आठवडे झालेल्या परीक्षेंत निराळेंच आढळलें. गुग्गुळ घेणाऱ्यांचें एल.डी.एल. उतरण्याऐवजीं चार-पांच टक्क्यांनीं चढलें आणि कांहींच्या अंगावर पुरळ उठलें. म्हणून गुग्गुळाची परंपरा कितीही जुनी असली, तरी स्टेंट बसलेल्या माणसानें त्यावर विसंबून राहणें योग्य नव्हे.

लाल यीस्ट तांदुळाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. त्यानें एल.डी.एल. उतरूं शकतें, हें खरें. कारण त्यांतील मोनॅकोलिन के हें द्रव्य आणि लोव्हास्टॅटिन हें औषध एकच होय! ज्याच्या भयानें गोळी सोडली, तेंच द्रव्य नैसर्गिक या नांवाखालीं पुन्हां पोटांत जातें. शिवाय एका बाटलींत तें किती आणि दुसरींत किती, याचा धरबंध नसतो. स्नायू दुखण्याचा धोकाही त्याबरोबर येतो. 2024 मध्यें जपानांत अशाच लाल तांदुळाच्या एका पूरक औषधांत भेसळद्रव्य शिरल्यामुळें अनेकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि शेंकडों लोकांना रुग्णालयांत दाखल व्हावें लागलें.

लसूण, हळद आणि दालचिनी यांचीही परीक्षा झालेली आहे. अमेरिकेंत 2022 मध्यें जाहीर झालेल्या एका प्रयोगांत या तिन्हींचीं पूरक औषधें, माशाचें तेल, वनस्पतिज स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ हीं एका बाजूस, आणि रोसुव्हास्टॅटिनची लहानशी पांच मिलिग्रॅमची गोळी दुसऱ्या बाजूस, अशी 28 दिवस तुलना केली. गोळीनें एल.डी.एल. सुमारें 38 टक्के उतरलें. पूरक औषधांपैकीं एकाचाही परिणाम निरुपद्रवी गोळीहून ठळकपणें सरस ठरला नाहीं. लसूण चटणींत शोभते. तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा करूं नये.

मग आहाराचा उपयोगच नाहीं काय? आहे, आणि चांगला आहे. मात्र तो एका पदार्थाचा नसून संपूर्ण ताटाचा आहे. कॅनडांतील टोरोंटोचे डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनीं 2003 मध्यें 46 माणसांवर केलेला प्रयोग या बाबतींत प्रसिद्ध आहे. चिकट तंतूंचे पदार्थ, सोयाबीनचीं प्रथिनें, बदाम आणि वनस्पतिज स्टेरॉल या चारांचा एकत्र आहार महिनाभर दिल्यावर एल.डी.एल. सुमारें 29 टक्क्यांनीं उतरलें. लोव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचें 31 टक्क्यांनीं. परंतु तेथें अन्न मोजूनमापून पुरविलेलें होतें. पुढें 2011 मध्यें माणसांनीं आपापल्या घरीं तोच आहार सहा महिने ठेवला, तेव्हां ही उतार 13-14 टक्क्यांवर आली. घरगुती पथ्याचें खरें माप हेंच धरावें.

त्या आहारांतील चिकट तंतूंच्या पदार्थांत ओट, सातू आणि इसबगोल यांबरोबर भेंडी आणि वांगें यांचाही समावेश होता, हें ऐकून सोलापूरच्या गृहिणींना संतोष वाटेल. हे तंतू आंतड्यांत पित्त धरून ठेवतात व मळावाटे बाहेर टाकतात. नवें पित्त बनविण्यासाठीं यकृताला रक्तांतील कोलेस्टेरॉल वापरावें लागतें. इसबगोलाचा भुसा रोज दहा ग्रॅम, म्हणजे सुमारें दोन मोठे चमचे, भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास एल.डी.एल. 5 ते 10 टक्के उतरतें. तो थोड्या मात्रेपासून वाढवीत न्यावा, आणि इतर औषधांपासून दोन तासांचें अंतर ठेवावें. नाहींतर तीं औषधें नीट शोषलीं जात नाहींत.

ज्वारीची भाकरी हें सोलापूरचें बळ आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर 2016 मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. ज्वारीचे तंतू बव्हंशीं न विरघळणारे असल्यानें ती ओटाइतकी एल.डी.एल. उतरवीत नाहीं, परंतु ती अखंड धान्याची असून तिला तेल-तूप लागत नाहीं. मैद्याची पोळी, पुरी किंवा खारी यांच्या जागीं ती आली, म्हणजे लाभ होतोच. जोडीला हुलगे, मटकी, मसूर यांचें कालवण असावें. शेंगदाण्यांतील स्निग्धांश बव्हंशीं असंतृप्त असल्यानें शेंगाचटणी वर्ज्य नाहीं. मात्र ती चमचा-दोन चमचे असावी आणि मीठ हात राखून घालावें. भरलें वांगेंही खुशाल खावें. त्यावरचा तेलाचा तवंग तेवढा नसावा.

तेलाची गोष्ट अधिक नाजूक आहे. सोलापुरांत रब्बी ज्वारीबरोबर करडईही पिकते आणि येथें करडईच्या संशोधनाचें केंद्रही आहे. करडईच्या तेलांत लिनोलिक आम्ल सुमारें तीन चतुर्थांश असतें. तूप, लोणी किंवा पामतेल यांऐवजीं तें वापरल्यास एल.डी.एल. उतरतें. तरीही एक सावधगिरीची नोंद केली पाहिजे. सिडनी येथें 1966 ते 1973 या काळांत झटका येऊन गेलेल्या 458 पुरुषांवर प्रयोग झाला. त्याच्या आंकड्यांची 2013 मध्यें फेरतपासणी झाली, तेव्हां करडईच्या तेलावर ठेवलेल्यांत कोलेस्टेरॉल उतरूनही मृत्यू अधिक आढळले. त्या प्रयोगाविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु एकाच तेलाला औषध मानून तें सढळ हातानें ओतूं नये, एवढा बोध त्यांतून निश्चित घेतां येतो. करडई, शेंगदाणा, मोहरी अशीं तेलें आलटून पालटून वापरावीं आणि माणशीं महिना अर्ध्या लिटरच्या आसपास थांबावें. तळणीचें तेल पुन्हां पुन्हां तापवूं नये. वनस्पति तूप घरांत आणूं नये.

चालण्यानें एल.डी.एल. थोडेंच उतरतें, परंतु वजन, रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड यांना त्यानें चांगला आळा बसतो. सोलापूरचा उन्हाळा लक्षांत घेतां वैशाखांत सूर्योदयापूर्वींच अर्धा तास चालून यावें. आणि तंबाखूची चंची ज्यानें सोडली नाहीं, त्यानें कोलेस्टेरॉलचे आंकडे मोजण्यांत फारसा अर्थ नाहीं.

आतां हिशेबनिसांच्याच पद्धतीनें जमाखर्च मांडूं. गोळी सोडल्यावर त्यांचें एल.डी.एल. 150 भरलें, असें समजूं. पथ्यानें पंधरा टक्के उतरलें, तर तें 127 वर येईल. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानें 2024 मध्यें ठरविलेल्या मर्यादेप्रमाणें स्टेंट बसलेल्या माणसाचें एल.डी.एल. 55 च्या खालीं असावें. म्हणजे पथ्य मनोभावें पाळूनही बाकी मोठी राहते. मात्र ज्याला अद्याप हृदयविकार नाहीं आणि ज्याचा आंकडा थोडाच चढलेला आहे, त्याचें काम याच पथ्यानें भागूंही शकेल. दोघांचा हिशेब एका वहींत मांडणें, हीच शेजारधर्माच्या सल्ल्यांतील मोठी चूक होय.

राहिलेली बाकी भरून काढण्यास स्टॅटिनखेरीज दुसरीं औषधें आतां उपलब्ध आहेत. इझेटिमाइब आंतड्यांतून कोलेस्टेरॉल शोषलें जाऊं देत नाहीं. त्यानें सुमारें 18 ते 20 टक्के उतार पडतो. बेम्पेडोइक आम्ल यकृतांत कार्यक्षम होतें, स्नायूंत होत नाहीं. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारें 14,000 माणसांवर त्याची परीक्षा होऊन 2023 मध्यें असें आढळलें, कीं हृदयविकाराच्या गंभीर घटना त्यानें 13 टक्क्यांनीं कमी झाल्या; मात्र वातरक्ताचा त्रास असणाऱ्यांनीं तें जपून घ्यावें. इन्क्लिसिरानसारखीं, आरंभींच्या मात्रांनंतर वर्षांतून दोनदां घ्यावयाचीं इंजेक्शनेंही आहेत, तीं एल.डी.एल. निम्म्यानें उतरवितात, पण त्यांची किंमत सामान्य कुटुंबास जड जाते. उलट पांच मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन सोसलें, तर हिशेबनिसांचे 127 हे 79 पर्यंत येतील, आणि इझेटिमाइबची जोड मिळतांच 63 च्या आसपास. लहान मात्रेला पुन्हां एकदां संधी द्यावी, असें डॉक्टर कां म्हणतात, तें यावरून कळून येईल.

तेव्हां हिशेबनिसांनीं डबी आणि बाटली दोन्ही पिशवींत घालून डॉक्टरांपुढें ठेवाव्यात, गोळी केव्हां बंद केली तें मोकळेपणानें सांगावें, आणि दुखणें केव्हां, कोठें व किती झालें याची तारीखवार नोंद दाखवावी. हिशेब लिहिणाऱ्या हाताला तें अवघड नाहीं. पथ्य किंवा औषध यांत बदल केल्यावर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें, बहुधा सहा ते बारा आठवड्यांनीं, रक्ताची पुन्हां तपासणी करून कशानें किती उतार पडला तें पाहावें. घरांतील मंडळींनींही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एकट्या रोग्यासाठीं वेगळें ताट वाढलें, तर तें महिन्याभरांत कंटाळवाणें होतें. भाकरी, उसळ आणि बेताचें तेल हें सर्वांच्याच ताटांत आलें, म्हणजे पथ्य टिकतें.