माहेर कायद्याने तोडलं तेव्हा

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॅनडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो, नाहीतर तिकडे स्थायिक झालेली ओळखीची मंडळी. मी आज त्या देशाच्या मूळ रहिवाशांबद्दल, त्यातही बायकांबद्दल बोलणार आहे. समाजात कोण मोडतं आणि ते कोणी ठरवायचं, या एका प्रश्नावर या बायका काही पिढ्या लढल्या. तिकडच्या कायद्यात मूळ रहिवाशांना 'इंडियन' म्हणतात, एवढं फक्त ध्यानात ठेवा.

मोहॉक लोकांत कुळ आईकडून चालतं. मूल आईच्या कुळाचं. प्रमुख कोणी व्हायचं हे कुळातल्या मातांनी ठरवायचं आणि तो नीट वागला नाही तर त्याला काढायचंही त्यांनीच. गोऱ्या सरकारला हे मानवणारं नव्हतं. १८६९ साली कायदा झाला : इंडियन बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की ती इंडियन राहणार नाही, तिची मुलंही नाहीत. १८७६ च्या 'इंडियन ॲक्ट'मध्ये हेच आलं. १९५१ मध्ये सरकारी नोंदवही सुरू झाली आणि हे कलम १२(१)(ब) म्हणून पक्कं झालं.

पुरुषाने गोरी बायको केली तर? त्याचं काही जात नव्हतं. उलट त्याची गोरी बायको कायद्याने इंडियन होत होती!

नोंदीतून नाव गेलं की बाईचं काय काय जायचं ते पाहा. मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या वसाहतीत, म्हणजे रिझर्व्हवर, राहण्याचा हक्क जायचा. आईबापाच्या घराचा वारसा जायचा. मेल्यावर जन्मगावी पुरायलाही हक्काची जागा नाही. नवरा वारला, घटस्फोट झाला, तरी नाव परत लागत नसे. सरकारचा यात फायदाच होता. यादीतली माणसं जितकी कमी, तितकी सरकारची देणी कमी.

मेरी टू-ॲक्स अर्ली ही माँट्रियलजवळच्या काह्नावाके या मोहॉक वसाहतीतली. तिचा नवरा आयरिश वंशाचा अमेरिकन. १९६६ मध्ये तिची एक मैत्रीण वारली. तिलाही असंच घर विकून वसाहत सोडायला सांगितलं होतं. मेरीची पन्नाशी तेव्हा उलटलेली होती. १९६७ मध्ये तिने बायकांची संघटना उभी केली, १९६८ मध्ये स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या शाही आयोगापुढे निवेदन दिलं. १९७५ मध्ये ती मेक्सिकोला आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या परिषदेला गेली असताना तिला घर सोडण्याची नोटीस आल्याचं कळलं. तिने ते जगभरच्या बायकांसमोर सांगितलं. बोभाटा झाला आणि नोटीस मागे घ्यावी लागली.

दरम्यान दोघी कोर्टात गेल्या होत्या. जेनेट कॉर्बिएर लाव्हेलने गोऱ्या माणसाशी लग्न केलं म्हणून तिची नोंद गेली. इव्हॉन बेदार नवऱ्यापासून वेगळी होऊन आईने ठेवलेल्या घरात परत आली, तर तिला तिथून निघायला सांगितलं. परत आलेल्या लेकीला घर नाही, ही गोष्ट आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दोघींच्या विरोधात निकाल दिला. सगळ्या इंडियन बायकांना कायदा सारखाच लावला जातो ना, मग समानता आहेच, असा एकूण युक्तिवाद!

पण मला जास्त बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. या खटल्यात मूळ रहिवाशांची राष्ट्रीय संघटना बायकांच्या विरोधात उभी राहिली. तिची भीती अगदीच खोटी नव्हती. १९६९ मध्ये सरकारने हा कायदा आणि त्याबरोबर मूळ रहिवाशांचा वेगळा दर्जाच मोडीत काढण्याचा प्रस्ताव आणला होता. तो लोकांनी लढून परतवला. तेव्हा, एक कलम पाडलं की सगळाच कायदा जाईल, आधी समाजाचा लढा, बायकांचं नंतर पाहू, असं म्हणणं होतं. मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्याला पाठ आहे. कामगार संघटनेत, जातीच्या मेळाव्यात, धर्माच्या नावाने ते आपण ऐकत आलो आहोत.

त्या बायकांनी वाट पाहिली नाही, आणि समाजाकडे पाठही फिरवली नाही. न्यू ब्रन्सविकमधल्या टोबिक वसाहतीतल्या बायकांची सुरुवात तर कायद्याच्या कलमापासून नव्हती, घरापासून होती. घर नवऱ्याच्या नावावर, त्याने बाहेर काढलं की बाई मुलांसह रस्त्यावर. १९७७ मध्ये त्यांनी वसाहतीच्या कौन्सिलची कचेरीच ताब्यात घेतली. १९७९ च्या जुलैमध्ये ओका गावापासून राजधानी ओटावापर्यंत बायकामुलांनी पायी मोर्चा नेला. टोबिकचीच सँड्रा लव्हलेस घटस्फोटानंतर परत आली होती. तिने १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली. १९८१ मध्ये समितीने सांगितलं, तिला तिच्या लोकांत, तिच्या भाषा-संस्कृतीत राहू न देणं हा हक्कभंग आहे. तिचं मागणं समाजातून सुटण्याचं नव्हतं, समाजात असण्याचं होतं.

१९८५ मध्ये कायदा बदलला. त्याच जुलैत नोंद परत मिळालेली पहिली बाई होती मेरी. पुढच्या पंधरा वर्षांत एक लाखाहून अधिक लोकांची नोंद झाली. तरी गोम राहिलीच. बाहेर लग्न केलेल्या भावाची नातवंडं यादीत, पण तसंच लग्न केलेल्या बहिणीची नातवंडं बाहेर. शॅरन मॅकआयव्हर यासाठी १९८९ पासून लढली. २००९ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या अपील न्यायालयाने तिचं म्हणणं काही अंशी मान्य केलं. दुरुस्त्या आल्या २०११ मध्ये, २०१७ मध्ये, आणि भाऊ-बहिणीतला हा भेद काढणारा शेवटचा भाग लागू झाला २०१९ मध्ये. १८६९ पासून मोजा, दीडशे वर्षं! सलग दोन पिढ्यांत बाहेर लग्न झाल्यास नोंद तुटण्याची १९८५ ची अट मात्र या दुरुस्तीतही राहिली.

मेरी १९९६ मध्ये वारली. तिला काह्नावाकेतच पुरलं.

म्हणून 'आधी समाज, मग बाई' असं कुणी म्हणालं तर रागावून बैठक सोडू नका. तिथेच बसून विचारा, या समाजाच्या यादीत लेक आहे का? परत आली तर तिला घर आहे का? ती यादी कुणी केली? टोबिकच्या बायकांनी कौन्सिलच्या कचेरीत बसून हेच विचारलं.