इंग्रजीची धास्ती आणि मराठीचा आधार



मुंबई-कोलकाता महामार्ग आणि गोंदियाचा रस्ता कोहमाऱ्यास मिळतात. येथली मुले शिकून याच रस्त्यांनी गोंदिया, नागपूर गाठतात, आणि मुलाखतीस बसली की पुष्कळांची वाचा बसते. विषय येत असतो; पण इंग्रजी वाक्य चुकेल आणि लोक हसतील, ही धास्ती असते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झाले, तरी ही धास्ती गेली नाही. आमचे म्हणणे एवढेच की, या चुका मंद बुद्धीच्या नव्हेत. त्या आपल्या भाषेच्या वळणामुळे होतात. म्हणून त्यांवरचा उपायही आपल्या भाषेतच शोधावा.

प्रथम ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ ही उपपदे घेऊ. ‘बाजारात एक बैल घेतला. बैल लंगडा निघाला.’ दुसऱ्या वाक्यात आपण ‘तो’ म्हटले नाही तरी चालते. इंग्रजीत चालत नाही. पहिल्या बैलामागे ‘अ’ हवा, दुसऱ्यामागे ‘द’. ‘ॲन’ हा शब्द मूळचा ‘एक’ या अर्थाचाच, आणि ‘द’ हा संस्कृत ‘तद्’चा दूरचा नातलग. तेव्हा मुलाने मनाशी विचारावे : ऐकणाऱ्यास कोणता बैल ते कळले आहे काय? कळले असेल तर ‘द’, नसेल तर ‘अ’. सूर्य सर्वांस ठाऊक आहे, म्हणून त्यास पहिल्याच वेळी ‘द’ लागतो. तांदूळ, पाणी असले पदार्थ इंग्रजी एकेक करून मोजत नाही. तेथे ‘अ’ नको.

‘अ’ की ‘ॲन’, हे ठरविण्यास तर देवनागरीच उत्तम. शब्द देवनागरीत लिहावा. आरंभी स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आले तर ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास. इंग्रजी लेखनात आरंभी ‘एच’ असला तरी ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’चा आरंभ ‘य’ने, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘ॲन एम.ए.’ही याच न्यायाने. इंग्रजीच्या स्पेलिंगपेक्षा आपली लिपी येथे कानाला अधिक इमानी आहे.

आता व्याकरण. ‘मी गेलो नाही’ यात भूतकाळ ‘गेलो’वर बसतो. म्हणून मूल ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणते. इंग्रजीत भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने एकदा उचलले की पुढचे क्रियापद मोकळे सोडायचे : ‘डिड नॉट गो’. तसेच ‘त्याला विचारले’ यातल्या ‘ला’साठी मूल ‘टू’ घालते. पण ‘आस्क’ला तो ‘टू’ लागत नाही. मराठी वाक्य शेजारी मांडून दाखविले म्हणजे चुकीचे मूळ दिसते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या दोन भाषांची अशीच तुलना करीत.

उच्चाराचेही तेच. आपल्या झाडीबोलीत ण, छ, श, ष आणि ळ हे वर्ण नाहीत. ‘शाळा’ या एका शब्दातच त्यांतले दोन आहेत! म्हणजे मुलाने शाळेचे नाव नीट घेतले तेव्हाच दोन नवे उच्चार कमावले. ‘सी’ म्हणजे पाहणे आणि ‘शी’ म्हणजे ती, हा भेद तो त्याच बळावर शिकेल. ‘थिंक’मधला ‘थ’ मात्र आपला नव्हे. जीभ दातांना हलकेच लावून वारा वाहू द्यावा. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम. तेथे ओठ गोल करावेत. ‘व्हेस्ट’ म्हणजे बंडी. तेथे वरचे दात खालच्या ओठावर टेकवावेत, ‘ह’ मिसळू नये.

श्रोतेहो, रोज दहा मिनिटे मुलाकडून घरच्या गाईविषयी पाच इंग्रजी वाक्ये ऐका. तो बोलत असता मध्येच थांबवू नका. बोलणे संपल्यावर एकच चूक निवडा, आणि मराठीत आपण ते कसे म्हणतो हे त्यालाच विचारा. यास इंग्रजी येणारा बाप लागत नाही. न हसणारा माणूस पुरतो.