संस्कृती कशाला म्हणायची?

(17 जानेवारीच्या हुतात्मा दिनानिमित्त झालेल्या सभेत एका गिरणी कामगाराने केलेले भाषण)



आम्ही गिरणीतली माणसं. शाळा झाली ती चौथीपर्यंत. तेव्हा विद्वानांसारखं बोलणं आम्हाला जमणार नाही. पण एक प्रश्न घेऊन आलो आहोत, तो तुमच्यापुढे मांडतो आणि बसतो.

महिन्यापूर्वी आम्ही गिरणीच्या गेटावर या सभेचा प्रचार करीत होतो. मराठी भाषा, मराठी संस्कृती, असं जोरात चाललं होतं. तेवढ्यात एक बदली कामगार पुढे आला आणि म्हणाला, "दादा, ही संस्कृती पगारात मिळते, की बोनसात?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण त्या रात्रपाळीला तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. संस्कृती म्हणजे नेमकं काय हो? आणि ती आमच्याजवळ आहे काय?

कुणी म्हणतो, संस्कृती म्हणजे देवळं, लेणी, गडकिल्ले. कुणी म्हणतो ओव्या, अभंग, पोवाडे. हे सारं आमचं आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण बंधूंनो, हे संस्कृतीचे दागिने झाले. दागिना अंगावर असला म्हणून माणूस भला असतोच असं नाही. संस्कृती म्हणजे माणसानं माणसाला वागवायची रीत, असं आमचं मत आहे. आपल्यापेक्षा ज्याच्या हाती कमी आहे, त्याला आपण कसं वागवतो, त्यावर ती ओळखावी.

या कसोटीवर पहिला दाखला नारायण मेघाजी लोखंड्यांचा. 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या काळी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत. आठवड्याची हक्काची सुट्टी कुणाला ठाऊक नव्हती. लोखंड्यांनी ती मागितली आणि 1890 साली रविवार मिळाला. आज आपण रविवारी पोराला जवळ घेतो, भजनाला बसतो, नाटक-तमाशा बघतो, तो रविवार कुणी दान दिलेला नाही. ज्याला श्वास घ्यायला सवड नाही, तो अभंग म्हणणार तरी कधी? म्हणून आम्ही म्हणतो, कामगाराच्या संस्कृतीचा पाया त्या सुट्टीत आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक काढलं आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राची हाक चाळीचाळीतून नेली, ती ऐकायला कामगार जमला तोही आपला घामाचा वेळ सोडवून घेऊनच.

आता दुसरा दाखला. हा आमच्याच अंगावर येणारा आहे, पण सांगितलाच पाहिजे. त्या काळच्या साच्यात बॉबिन संपली की नवी घालताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे. एका धोट्याला अनेकांची तोंडं लागत. म्हणून मुंबईच्या गिरण्यांतून साचाखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. साचाखात्याचा पगार जास्त. म्हणजे विटाळही पाळला गेला आणि जास्तीचा पगारही आपल्याकडे राहिला! 1928 साली मुंबईत सहा महिने सर्वसाधारण संप झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं की सर्व खाती सर्वांना खुली करा ही मागणी घाला, नाही तर आमच्या लोकांना संपात राहा असं सांगता येणार नाही. पुढाऱ्यांनी मागणी घातली, पण नाखुशीने. आणि मालकांनी उत्तर काय दिलं? हा अन्याय असेल तर त्याला जबाबदार आम्ही नाही. बंधूंनो, मालकांच्या पुष्कळ गोष्टी खोट्या असतात, पण ही खरी होती. साचाखात्याचं दार मालकानं लावलं नव्हतं. ते आपल्याच भावांनी आतून लावलं होतं.

कुणी म्हणेल, जुनी गोष्ट उगाळता कशाला? तर नवी सांगतो. आमच्या युनियनच्या कचेरीत झाडलोटीला एक मावशी येतात. एकदा चहा आला. कचेरीत नवीन आलेल्या पोरानं सगळ्यांसारखा एक कप त्यांच्यापुढे धरला. मावशी म्हणाल्या, "राहू दे बाळा, माझा तिकडं हाय." आणि खिडकीच्या फळीवरचा कान तुटलेला कप त्यांनी स्वतः उतरवून आणला. वर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, बाजूला आमचा बावटा, आणि खाली तो कप. तो तिथं कुणी ठेवला, कधी ठेवला, कुणालाच सांगता येईना. इतकी वर्षं आम्ही त्याच खोलीत समतेवर भाषणं करीत होतो आणि तो आम्हाला दिसला नव्हता. त्याच दिवशी तो फेकून दिला. पण पुढचे दोन दिवस मावशींनी चहाच घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला, तोही उभ्यानंच. बसून घ्यायला महिना लागला. कप एका क्षणात फुटतो, पण वर्षानुवर्षं केलेला अपमान काही तितक्या लवकर जात नाही.

आता देशाकडे पाहा. 1950 साली घटना अमलात आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध 1993 साली कायदा झाला, पुन्हा 2013 साली झाला. तरी माणूस गटारात उतरतोय आणि आत गुदमरून मरतोय. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला गटारात माणूस उतरवावा लागतो, याला काय म्हणावं? वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 साली कायदा करावा लागला. शाहू-फुले-आंबेडकरांचं नाव आपण रोज घेतो, त्या महाराष्ट्राला! कायदे चांगले आहेत, ते लढून मिळाले आहेत. पण कागदावर आलेली गोष्ट घराच्या उंबऱ्याआत अजून आलेली नाही. आजच्या हिंदी समाजाचं खरं दुखणं हेच आहे. आपल्याकडे संस्कृतीचे सोहळे वाढले, आणि वागणूक जिथल्या तिथं राहिली.

मग तुम्ही विचाराल, याचा सीमाप्रश्नाशी संबंध काय? तो आहे, आणि तेच सांगायला आम्ही उभे आहोत.

1956 सालच्या जानेवारीत बेळगावात मराठी माणसावर गोळ्या चालल्या. मुंबईत त्याआधी 1955 च्या नोव्हेंबरात आणि त्यानंतरही रक्त सांडलं. शंभरावर माणसं गेली, त्यांत कामगार होते, कष्टकरी होते. 1960 च्या 1 मे रोजी महाराष्ट्र झाला, पण बेळगाव, निपाणी, कारवार बाहेर राहिले. 2004 साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. खटला लांबत गेला आणि सीमाभागातल्या किती पिढ्या निकालाची वाट पाहत म्हाताऱ्या झाल्या! सात-बाराचा कागद आपल्या भाषेत मिळावा, पोराला आपल्या भाषेत शिकता यावं, ही मागणी मोठी नाही. आईची भाषा हिरावून घेणं हाही एक कानतुटका कपच आहे. तुझं तिकडं वेगळं ठेवलंय, असंच त्यात सांगितलेलं असतं.

पण आमच्या पाळीत एक कानडी सोबती आहे. शेजारच्याच मशिनीवर उभा असतो. या सभेचं पत्रक त्यानं वाचलं आणि विचारलं, "अण्णा, तुमचं राज्य आलं तर माझ्या पोराची कानडी शाळा राहील का हो?" बंधूंनो, त्याला उत्तर देताना आम्ही क्षणभर अडखळलो. आणि अडखळलो याचीच लाज वाटली. घटनेचं 350-अ कलम सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी. हे कलम आलंही 1956 सालीच, राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा. याच न्यायाने आपण बेळगावात मराठी शाळा मागतो. मग त्याच न्यायाने सोलापूर-अक्कलकोटकडच्या कानडी पोरालाही त्याची शाळा मिळाली पाहिजे. आम्ही त्याला म्हटलं, "राहील, आणि नाही राहिली तर तुझ्याबरोबर मोर्चात आम्ही असू." हा शब्द आम्ही तुमच्या भरवशावर दिला आहे. तो पाळायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

आणखी एक आठवण ठेवा. 2015 सालच्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या. ऑगस्टात धारवाडला कलबुर्गी सरांवर झाडल्या. एक मराठी, एक कानडी. दोघांनीही माणसाला विचार करायला शिकवलं. गोळी झाडणाऱ्याला सीमारेषा आडवी आली नाही. मग शहाण्या माणसांच्या मैत्रीला ती का यावी?

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं. मराठीला 2024 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंद झाला. पण भाषा मोठी होते ती तिच्यातून माणूस माणसाशी काय बोलतो त्याने. आपल्या गावात जा. पाणवठ्यावर, मसणवट्यात, युनियनच्या कचेरीत, स्वतःच्या स्वयंपाकघरात तो कानतुटका कप शोधा. सापडला तर आधी फोडा आणि मग मोर्चाला या. त्या बदली कामगाराला आम्ही उद्या सांगणार आहोत की गड्या, संस्कृती पगारात मिळत नाही. ती आपल्यालाच रोजच्या रोज करावी लागते.

बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! आणि तो सगळ्यांचा झाला पाहिजे!

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!