भाव न विचारणारं गिऱ्हाईक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून जो भेटतोय तो विचारतोय, "तू नक्की करतेस काय?" बारामतीत माझा वेब होस्टिंगचा छोटा व्यवसाय आहे. दुकानाची, शाळेची, पतसंस्थेची वेबसाइट ज्या संगणकावर ठेवलेली असते, त्या संगणकावरची जागा मी भाड्यानं देते. घरमालकीणच म्हणा ना. आणि घरमालकिणीची खरी डोकेदुखी म्हणजे भाडेकरू.

इंदापुरातलं आमच्या वडिलांचं कृषी सेवा केंद्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. खतं, औषधं सगळी उधारीवर. उसाचं बिल आलं की वसुली. दादा म्हणायचे, उधारीवर नेताना जो भाव विचारत नाही, त्याला जपून. घासाघीस करणारा पैसे द्यायच्या तयारीनं आलेला असतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी शिकवलं नाही.

माझ्या धंद्यातही तसंच आहे. खरा माणूस दहा शंका काढतो. पुढच्या वर्षी किती पडतील? भाच्याला पासवर्ड दिला तर चालेल का? फसवणारा रात्री दोनला येतो, सगळ्यात मोठं पॅकेज घेतो, तेही एकाच महिन्यासाठी, आणि एकच प्रश्न विचारतो: तासाला किती ईमेल पाठवता येतील? कार्ड एका देशाचं, फोन दुसऱ्या, इंटरनेट तिसऱ्या. आपल्या कार्डांना ओटीपी लागतो, बाहेरच्या अनेक कार्डांना लागत नाही. चोरीच्या कार्डाचे पैसे आज जमा होतात. काही आठवड्यांनी खऱ्या मालकाची तक्रार येते आणि ते परत जातात, वर दंड आपल्याला. तेही परवडलं एकवेळ. पण त्यानं एका रात्रीत हजारो फालतू ईमेल सोडले की आमच्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जातो. मग त्याच सर्व्हरवरच्या डाळिंब व्यापाऱ्याचं साधं कोटेशनही समोरच्याला पोचत नाही. त्याची चूक काय, तर शेजार वाईट.

मात्र कागदपत्रांवर जाऊ नका. २०२२ साली "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" असे मेसेज सगळ्यांना यायचे. ते खोटे आहेत म्हणून महावितरणही बजावत होतं. त्याच सुमारास माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं. आधार, पॅन व्यवस्थित, बोलणं गोड, दर वाक्याला "ताई". महिनाभर बेकरीची वेबसाइट चालली. मग एका रविवारी एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला. त्या बेकरीच्या आडोशाला एक पान लपवलं होतं, वीजबिलाचं दहा रुपयांचं येणं भरा म्हणून कार्डाचा नंबर मागणारं. मी पान बंद केलं, त्यांना लगेच १९३० ला फोन करायला सांगितलं. ते म्हणाले, "बाई, जागा तुमचीच ना?" मला काही बोलता आलं नाही. आधार दुसऱ्याच कुणाचं होतं.

त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इननं नियम काढले होते. सर्व्हर भाड्यानं देणाऱ्यानं गिऱ्हाइकाचं पडताळलेलं नाव-पत्ता पाच वर्षं जपायचा, काही घडलं तर सहा तासांत कळवायचं. नियम मी पाळत होते. पण "पडताळलेलं" या शब्दाचा अर्थ मला त्या रविवारी कळला.

मग मी घाबरले, आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं. सगळे नियम कडक केले. संशयाच्या पाच खुणांपैकी तीन जुळल्या की खातं बंद, विचारपूस नाही. एका रात्री दीड वाजता ऑर्डर आली. ईमेल त्याच दिवशी काढलेला, इंटरनेट परदेशातलं, कार्ड भलत्याच नावाचं. बंद केलं आणि झोपले.

तिसऱ्या दिवशी धोतर-टोपीतले एक आजोबा ऑफिसच्या दारात उभे. निमगाव केतकीहून एसटीनं आले होते. मुलगा दुबईत नोकरीला. ड्यूटी संपल्यावर घरच्या पानमळ्यासाठी वेबसाइट काढत होता, कार्ड खोलीतल्या मित्राचं. "पोरगं म्हणतंय, तुम्ही त्याला चोर ठरवलं," एवढंच बोलले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी चहा सांगितला, माफी मागितली. त्यांनी रुमालाची गाठ सोडता सोडता विचारलं, "आधी सांगा, वर्षाला किती पडतील?" मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "लई होतंय."

दोनशे कमी केले. तेव्हापासून यंत्र खूण दाखवतं, पण नाही म्हणायच्या आधी फोन मी स्वतः लावते. गेल्या महिन्यात असाच एकाला लावला, तर तो आपल्याच शाळेचा निघाला, आपल्यानंतर चार वर्षांनी दहावी झालेला. त्यानंही शंभर रुपये कमी करून घेतले. तो आज मागच्या रांगेत बसलाय, हसतोय बघा.