वाहिन्या फुटण्याआधी

नेत्रपरिषदेत बालरोगतज्ज्ञांना पहिली रांग का, अशी कुजबुज कानावर आली. तिचे उत्तर देणे यजमान म्हणून मला भागच आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाला होणाऱ्या रोगात, डोळ्यात नको तिथे फुटणाऱ्या रक्तवाहिन्या हा दुसरा अंक आहे. १९९४ पासून वापरात असलेल्या उंदराच्या प्रयोगपद्धतीत पिल्लांना सातव्या दिवसापासून पाच दिवस ७५ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवतात. तेवढ्यात दृष्टिपटलाच्या मध्यभागातील कोवळ्या वाहिन्या नाहीशा होतात. विकृत वाहिन्या मात्र पिल्ले साध्या हवेत आल्यावर फुटतात आणि सतराव्या दिवशी ऐन भरात असतात. उपाशी दृष्टिपटल मदतीसाठी व्हीईजीएफ हे प्रथिन स्रवते, त्याचा हा परिणाम. असा पाझरणारा घटक असावा, हा नेत्रतज्ज्ञ मायकेलसन यांचा तर्क १९४८ सालचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांतही क्रम हाच. म्हणून आपला अभ्यास पहिल्या अंकापासून, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातून, सुरू व्हायला हवा.

यावर कोणी म्हणेल, व्हीईजीएफला रोखणारी इंजेक्शने असताना एवढे मागे कशाला जायचे? इंजेक्शनांनी असंख्य डोळे वाचवले, हे निर्विवाद. पण औषध डोळ्यातून रक्तात उतरते, आणि बाळाच्या वाढत्या फुप्फुसांना, मेंदूला तेच प्रथिन हवे असते. शिवाय औषधाचा अंमल ओसरल्यावर काही बाळांत रोग पुन्हा डोके वर काढतो. दुसरा आक्षेप याच्या उलट: मग ऑक्सिजनच कमी करा! हा उपाय दिसतो तितका साधा नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत रक्तातील ऑक्सिजनचे लक्ष्य ९१ ते ९५ऐवजी ८५ ते ८९ टक्के ठेवले. जगलेल्या बाळांत गंभीर नेत्रविकार निम्म्यावर आला, पण मृत्यू वाढले. डोळा आणि जीव यांत निवड करायला लावणारे उत्तर आपल्याला पत्करता येणार नाही.

म्हणून ऑक्सिजन किती द्यायचा एवढेच नव्हे, तो कसा दिला जातो हेही पाहायला हवे. अमेरिकेत साधारणपणे १५०० ग्रॅमपर्यंत जन्मवजनाच्या बाळांचे डोळे तपासतात. आपल्याकडे ही मर्यादा २००० ग्रॅमपर्यंत न्यावी लागते, कारण येथे थोराड बाळांनाही हा रोग गाठतो. ऑक्सिजन देण्याच्या पद्धतीवर संशय घ्यायला एवढे पुरेसे आहे. तेव्हा उद्याच्या चर्चेत डोळ्यांच्या छायाचित्रांशेजारी त्याच बाळांच्या ऑक्सिजनच्या नोंदीही पडद्यावर याव्यात, एवढी यजमानांची विनंती आहे.